तेडागर, नंदघर आणि बालवाटिका : बडोद्यातील एका आजोबांचा अभिप्राय

बडोद्याच्या जुन्या शहरातील ज्या पोळीत (पोळ म्हणजे दाट घरांची जुनी गल्ली) आमचे घर चार पिढ्यांपासून आहे, त्या पोळीतील अंगणवाडी गेल्या दिवाळीनंतर हलली. शेजारच्या वस्तीतील दुसऱ्या एका केंद्रासह ती आता मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेच्या आवारात, नव्या इमारतीत भरते; अंगणवाडीच्या अशा इमारतीला गुजरातेत नंदघर म्हणतात. माझा नातू जुन्या खोलीत वाढला आणि नात नव्या इमारतीत जाते, त्यामुळे एकाच घरातून दोन्ही व्यवस्था जवळून पाहण्याचा योग मला आला. उपाहारगृहांचे आणि मिक्सरचे अभिप्राय लोक हौसेने लिहितात. सहा वर्षांखालील मुलांच्या खाण्यापिण्याचा, वजनाचा आणि पहिल्या अक्षरांचा भार जिच्यावर आहे त्या सेवेविषयी मात्र ‘सरकारी आहे, चालायचेच’ यापलीकडे कोणी काही लिहीत नाही. माझी नोकरी हिशेब तपासण्याची होती. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. इमारत उत्तम आहे, आहार चांगला आहे, मोजमाप पूर्वीपेक्षा काटेकोर आहे, आणि मूल तेथवर पोहोचवण्याची जी व्यवस्था होती ती मोडली आहे. यातील शेवटची गोष्ट मला पहिल्या तिन्हींपेक्षा मोठी वाटते. का, ते समजावून सांगण्यासाठी आधी जुन्या खोलीकडे जावे लागेल.

ती खोली भाड्याची होती. एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे एक दरवाजा आणि मागे चौकाकडे एक खिडकी. पावसाळ्यात भिंतीला ओल येई, दिवसाही दिवा लावावा लागे, गॅसची शेगडी आणि मुलांची चटई यांच्यामध्ये फक्त एक लाकडी बाक असे. शौचालय वाड्यातील बिऱ्हाडांचे होते आणि मुलांनी ते वापरणे मालकिणीला आवडत नसे. वजनकाटा आढ्याच्या कडीला टांगलेला होता. त्यात बसवले की बहुतेक मुले आक्रंदत आणि काटा स्थिर होईपर्यंत पुढच्याची पाळी येई. त्या खोलीचे कौतुक करण्यासारखे काही नव्हते, आणि आता ती गेली म्हणून तिच्या आठवणीने गहिवरण्याचाही माझा विचार नाही.

कौतुक करण्यासारखी होती ती तेडागर. गुजरातेतील अंगणवाडीत दोन पदे असतात, कार्यकर आणि तेडागर. महाराष्ट्रात दुसऱ्या पदाला मदतनीस म्हणतात, आणि त्या शब्दावरून काम काय ते कळत नाही. गुजराती शब्दावरून कळते. मुलाला कडेवर उचलून घेणे म्हणजे ‘तेडवुं’, आणि कोणाला जाऊन बोलावून आणणे म्हणजेही ‘तेडवुं’. तेडागर ही दोन्ही करते. आमच्या तेडागर बेन सकाळी साडेनऊच्या सुमारास पोळीच्या तोंडाशी येत आणि एकेका ओट्यावरून मुले गोळा करत जात. कोणते मूल हाक मारली की धावत येते, कोणाला दाराआड लपल्यावर शोधावे लागते, कोणाला आईच्या नजरेआड झाल्यावरच कडेवर घ्यायचे असते, हे सर्व त्यांना पाठ होते. आमचा नातू पहिले पंधरा दिवस जायला तयार नव्हता. त्याला त्यांनी अंगणवाडीचे नावसुद्धा न काढता रोज शेजारच्या लिंबावरच्या खारी मोजायला नेले, आणि सोळाव्या दिवशी खारी मोजून झाल्यावर तो आपण होऊन चटईवर जाऊन बसला.

पण मुले आणणे हा त्या फेरीचा निम्माच भाग होता. कोणाच्या दाराला कुलूप आहे, कोण तापाने पडले आहे, कोणाकडे बाळंतीण माहेरी आली आहे, कोणत्या भाड्याच्या खोलीत दाहोदकडचे नवे कुटुंब उतरले आहे, ही सर्व खबर त्या फेरीतून केंद्रात पोहोचे आणि मग कार्यकर बेनच्या नोंदवहीत जाई. आमच्या सूनबाईंना दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घराबाहेर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आले असेल, तर तेडागर बेनच्या. ‘काकी, वहूचे नाव लिहवून घ्या, उशीर करू नका,’ असे त्यांनी माझ्या पत्नीला ओट्यावरच सांगितले, आणि त्याच आठवड्यात ममता कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांचे कार्ड, निघाले. नाव वेळेवर लिहिले गेल्याचा लाभ पुढे झालाही. १८ जून २०२२ रोजी पंतप्रधानांनी बडोद्यातूनच मुख्यमंत्री मातृशक्ती योजना सुरू केली, तिच्यात गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे एक हजार दिवस, दर महिन्याला दोन किलो चणे, एक किलो तूरडाळ आणि एक किलो खाद्यतेल मिळते. नात सप्टेंबरमध्ये झाली. तोवरच्या महिन्यांचे धान्य सूनबाईंच्या पदरात पडले ते त्या ओट्यावरच्या वाक्यामुळे.

येथे थोडे मागे जाणे मला आवश्यक वाटते, कारण या सेवेचे मूळ आपल्या दोन्ही भाषांत आहे. गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि पुढे १९४५ पासून बोर्डीत व १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या सोबतीने, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून आला. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यात गुजरातेतील जागा छोटा उदेपूरची होती. छोटा उदेपूर त्या वेळी आपल्याच बडोदे जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा ते २०१३ मध्ये झाले. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले याचा अभिमान आपण बडोदेकर नेहमी बाळगतो, आणि बाळगावाच. पण त्या कायद्यात मूल शाळेत आले नाही तर पालकाला दंड होता. ताराबाईंच्या पद्धतीत मूल आले नाही तर शाळेने जाऊन त्याला आणायचे होते. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दुसरीच पद्धत चालू शकते.

आता फेररचनेविषयी. आमच्याकडे जे झाले त्याचे तीन भाग आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी झाले. पहिला भाग बालवाटिकेचा. नवीन शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून गुजरातेत पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण असणे सक्तीचे झाले आणि पाच पूर्ण झालेल्या मुलांसाठी प्राथमिक शाळांतच बालवाटिका सुरू झाली. अंगणवाडी पूर्वी तीन ते सहा वर्षांची होती. तिच्यातील वरचे एक वर्ष अशा रीतीने शाळेकडे गेले. दुसरा भाग नोंदीचा: पोषण ट्रॅकर हे ॲप, आणि १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहऱ्याची ओळख. तिसरा भाग जागेचा. अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणाव्यात किंवा जवळच्या शाळेशी जोडाव्यात, याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्रातील महिला व बालविकास आणि शिक्षण या दोन्ही मंत्रालयांनी मिळून सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केली. आमच्या भागातील दोन केंद्रे एका छताखाली आली ती त्यानंतर.

नव्या इमारतीला मी पाचपैकी साडेचार देईन. ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीच्या पुरानंतर या शहरात कोणतीही नवी इमारत पाहिली की माझी नजर आधी जोत्याकडे जाते. येथे जोते चांगले हातभर उंच आहे. दोन हवेशीर खोल्या, वेगळे स्वयंपाकघर, मुलांच्या उंचीची बेसिने, आणि मुलांना स्वतः बसता येईल एवढे लहान शौचालय. हे शेवटचे वाचून काहींना हसू येईल, परंतु जुन्या खोलीत मुलींना गटाराच्या कडेला बसवलेले ज्यांनी पाहिले आहे ते हसणार नाहीत. भिंतीवर गुजराती कक्को, म्हणजे मुळाक्षरे, आहेत, प्राणी आहेत, फळे आहेत, आणि का कोण जाणे, एक हिमाच्छादित पर्वतही आहे. अर्धा गुण मी कापला तो पंख्यांसाठी; दोन खोल्यांत मिळून तीन आहेत आणि बडोद्याचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे.

वजन-उंचीचे काम आता खरोखर नीट होते. काटा डिजिटल आहे, उभे राहणाऱ्या मुलांसाठी उंचीची पट्टी आणि तान्ह्यांसाठी आडवी फळी आहे, दंडाचा घेर मोजण्याची तिरंगी फीत आहे. साडेअकरा सेंटिमीटरखाली लाल आणि साडेबारापर्यंत पिवळा, हे कार्यकर बेनने मला स्वतः फीत हातात देऊन दाखवले. नातीचे वजन एका महिन्यात वाढले नव्हते, तेव्हा त्यांनी ते नुसते नोंदवले नाही. ‘हिला सकाळचा चहा बंद करा, चहाने भूक मरते’ असे सूनबाईंना स्पष्ट सांगितले. चहा मीच बशीतून पाजत होतो, ही गोष्ट त्या वेळी घरात कोणी उघड केली नाही.

आहाराबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी नाश्ता आणि दुपारी गरम जेवण: खिचडी, थेपले, लापशी, सुखडी, मुठिया असे आलटून पालटून, आणि मधूनमधून फळ. आमच्या घरी मेथीला नाक मुरडणारी नात तेथे मेथीचे थेपले खाते, यावरून स्वयंपाकाचा अंदाज यावा. केंद्र शासनाच्या दरानुसार एका बालकामागे दिवसाला ८ रुपये, गर्भवतीमागे साडेनऊ आणि तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये एवढाच खर्च धरलेला आहे. आठ रुपयांत रावपुऱ्यात आज अर्धा चहा मिळतो. एवढ्या पैशांत जे ताटात येते ते पाहता कार्यकर बेनच्या हिशेबाला मी, जुना हिशेबनीस, नमस्कार करतो.

सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांना जेवणाऐवजी बालशक्तीची पाकिटे घरी मिळतात. अमूलशी जोडलेल्या दूधसंघांच्या कारखान्यांत तयार होणारे हे पीठ आहे. अर्ध्या किलोची सात पाकिटे महिन्याला, मूल अतिशय कमी वजनाचे असेल तर अधिक. पीठ गोडसर असते. तुपावर परतून त्याची सुखडी करायची, शिरा करायचा, किंवा पाण्यात कालवून राब, म्हणजे पातळ पेज, करायची, अशी कृती केंद्रात करून दाखवतात. आमच्याकडे त्याची धिरडी होत, आणि ती नातीपेक्षा नातवाला जास्त आवडत. हा दोष पिठाचा नाही, परंतु प्रत्येक घरी असेच होते हे नमूद करायला हवे: एका मुलाच्या नावाचे पाकीट सगळ्या घराच्या तव्यावर जाते.

या पाकिटांसाठी चेहरा दाखवावा लागतो, तेव्हापासूनचे तीन महिने आमच्या वाट्याला आले. एकदा आधारशी ओळख जुळवायची आणि मग दर महिन्याला आईचा फोटो काढून शिधा द्यायचा, अशी ती पद्धत आहे. हेतू योग्य आहे. दुसऱ्याच्या नावावर माल उचलला जाऊ नये. पण आधारला जोडलेला भ्रमणध्वनी आमच्या घरात मुलाच्या नावाचा, आणि मुलगा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. तेथे आत फोन नेऊ देत नाहीत. ओळख पटवण्याचा संकेतांक (ओटीपी) त्याच्या फोनवर कारखान्याच्या कपाटात वाजत राही आणि सूनबाई इकडे तान्ह्या मुलांच्या रांगेत उभ्या राहत. दोन हेलपाट्यांनंतर रविवारी कार्यकर बेनने स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी घरी येऊन ते काम पुरे केले. त्यानंतर फोटो जुळायला वेळ लागला नाही, फक्त उजेडासाठी सर्व आयांना अंगणात यावे लागे. ज्यांना हे अजून करायचे आहे त्यांनी आधी आईच्या आधारला आईच्याच हाताशी असलेला क्रमांक जोडून घ्यावा, एवढे सांगतो.

बालवाटिकेची कहाणी आठ दिवसांची आहे. नातवाचा जन्म ९ जून २०१९ चा. १ जून २०२४ रोजी त्याला पाच पूर्ण व्हायला आठ दिवस कमी पडले, म्हणून तो आणखी एक वर्ष अंगणवाडीतच राहिला. त्या वर्षी त्याच्या बरोबरीचे कोणी उरले नव्हते. तीन-तीन वर्षांच्या मुलांत तो पाच वर्षांचा एकटा घोडा. कार्यकर बेनने त्याला पाण्याचे पेले मांडणे, हजेरीसाठी डोकी मोजणे अशी कामे दिली आणि वर्ष निभावले. नियमाला कोठेतरी रेघ आखावीच लागते हे मला मान्य आहे, आणि सहाव्या वर्षाआधी पहिलीत ढकलू नये हेही मान्य आहे. बालवाटिकेत तो आता रमला आहे. खेळ, गोष्टी, मणी ओवणे, मातीकाम असा दिवस जातो, लिहिण्याचा बोजा नाही, दुपारचे जेवणही शाळेत मिळते. तेथील बाईंविषयी माझे मत अतिशय चांगले आहे.

अडचण वेगळीच आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आणि बालवाटिका शिक्षण विभागाची. दोन्ही आता एकाच आवारात आहेत, मध्ये फक्त एक कडुनिंब आहे. तरीही नातवाच्या सहा वर्षांच्या वजन-उंचीचा आलेख त्या कडुनिंबापलीकडे गेला नाही. शाळेने जन्मदाखला मागितला, आधार मागितले, छायाचित्रे मागितली. मूल कसे वाढले हे कोणी विचारले नाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होई आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा तपासणीला येते. शाळेत ते वर्षातून एकदा येते. एका जूनमध्ये त्या मुलाच्या अंगात काय बदलले, की बारा वजनांऐवजी एक पुरे झाले? शिवाय दोन्हींच्या वेळा जुळत नाहीत. नात आधी सुटते, नातू नंतर, आणि सूनबाईंना रणरणत्या उन्हात तोच रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. दोन्ही संस्था एकाच आवारात आणण्याचा मोठा लाभ कुटुंबाला व्हायला हवा होता तो हाच, आणि तोच राहून गेला. या बाबतीत पाचपैकी दोन.

भाषेविषयी थोडेसे. केंद्रात सर्व काही गुजरातीत चालते आणि चालावे. घरी मराठी, दारी गुजराती, हे बडोद्यात आमच्या आजोबांपासून आहे. चिऊच्या खिचडीची गोष्ट आजी मराठीत सांगते आणि चकी-चकाची तीच गोष्ट बेन गुजरातीत सांगतात. नातीने दोन्ही ऐकून असा निष्कर्ष काढला आहे की चिमण्या दोन होत्या आणि दोघींची खिचडी करपली. तक्रार नाही.

आता त्या रस्त्याकडे येतो. जुनी खोली आमच्या दारापासून नव्वद पावलांवर होती. मी मोजली आहेत. नवी इमारत सातशेच्या वर पावलांवर आहे आणि मध्ये तो रस्ता येतो, ज्यावर सकाळी साडेनऊला रिक्षा, दुचाक्या आणि भाजीच्या हातगाड्या एकमेकींना वाट देत नाहीत. दोन केंद्रे एकत्र झाल्यामुळे तेथे तेडागर दोन आहेत, त्यामुळे कागदावर काही कमी झालेले नाही. प्रत्यक्षात एक सकाळपासून स्वयंपाकात असते, कारण जेवणारी मुले दुप्पट झाली; दुसरी दोन वस्त्यांची मुले आणते. एका फेरीत एक बाई हात धरून किती मुलांना असा रस्ता ओलांडवू शकेल? दोन. फार तर तीन, जर त्यांतील एक कडेवर असेल तर. आमच्या पोळीतून पूर्वी अकरा मुले जात. दिवाळीनंतरच्या पहिल्या महिन्यात सहा जाऊ लागली. जी पाच थांबली ती कोणाची, हेही सांगतो: ज्यांच्या आया सकाळी घरकामाला जातात त्यांची. ज्यांच्या घरी माझ्यासारखा रिकामा म्हातारा आहे त्यांची मुले कोणत्याही इमारतीत पोहोचतातच.

लोकसंख्येच्या निकषात चारशे ते आठशे वस्तीमागे एक अंगणवाडी धरली आहे, अंतराचा विचार त्या आकड्यामागेच आहे. आठशे माणसे म्हणजे आमच्या जुन्या शहरात दोन पोळी; तेथे कोणालाही रस्ता ओलांडावा लागत नव्हता. केंद्र हलवताना पालकांची बैठक झाली होती आणि तेथे मी हा प्रश्न विचारला. इमारतीचे छायाचित्र दाखवण्यात आले. मी पुन्हा विचारले, तेव्हा केंद्रांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविका बेन म्हणाल्या, ‘काका, तुमची वात साची छे, पण तेडागरच्या फेऱ्या किती, असा रकानाच आमच्या फॉर्ममध्ये नाही.’ त्या प्रामाणिकपणे बोलल्या आणि मला त्यांचा राग आला नाही. किती चौरस फूट, किती शौचालये, किती पाकिटे, किती चेहरे, या सर्वांना रकाने आहेत.

त्या फेऱ्यांची किंमत काय धरली जाते तेही पाहावे. २०२२ मध्ये राज्याने मानधन वाढवले तेव्हा कार्यकरला दरमहा १०,००० आणि तेडागरला ५,५०० रुपये झाले. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये किमान २४,८०० आणि २०,३०० रुपये द्यावेत असा निर्णय दिला आहे. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाहोदच्या प्रकरणात या स्त्रियांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. म्हणजे आजवर जी बाई पोळीतील प्रत्येक गर्भवतीची पहिली खबर ठेवत होती, तिच्या कामाला काम म्हणायला न्यायालयात जावे लागले. आमच्या तेडागर बेनना यांतील एकही आकडा मी विचारला नाही. त्यांनी एकदा इतकेच सांगितले की नव्या जागेपासून चपला लवकर झिजतात.

कामाला जाणाऱ्या आयांचा प्रश्न अंगणवाडीच्या वेळेतच अडकलेला आहे, हेही येथे मान्य करायला हवे. जुनी खोली जवळ होती म्हणून कोणी शेजारीण मूल घरी आणून बसवी. केंद्र दुपारी सुटल्यावर संध्याकाळपर्यंत मुलाला कोण पाहणार याचे उत्तर तेव्हाही नव्हते. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. नव्या इमारतीतील दुसरी खोली दुपारनंतर कुलूपबंद असते. खोली आहे, पंखा आहे, शौचालय आहे. संध्याकाळपर्यंत एक माणूस हवे. हा अर्ज आम्ही पोळीतील सतरा घरांच्या सह्यांनी दिला असून पोच घेतलेली आहे.

ज्यांची मुले या वयात आहेत त्यांना मी ही सेवा घ्या असेच सांगेन. खासगी नर्सरीत पाच आकडी शुल्क भरून मिळत नाही ते, म्हणजे दरमहा वजन, ताजे अन्न आणि मुलाचे नाव माहीत असलेली बाई, येथे विनामूल्य मिळते. गर्भारपण कळताच नाव लिहवा, ममता कार्ड जपून ठेवा, पहिली मुलगी असो वा मुलगा, दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेचे ६,००० रुपये मिळतात हे विसरू नका, आणि पाच वर्षांचे मूल शाळेत जाताना त्याच्या वाढीच्या आलेखाची प्रत स्वतः मागून घ्या. ती आपण होऊन कोणी देणार नाही.

डिसेंबरपासून आमच्या पोळीत एक तात्पुरती व्यवस्था चालू आहे. सव्वानऊला मी काठी घेऊन ओट्यांवरून हाका मारत निघतो, मुले गोळा करतो आणि रस्त्याच्या अलीकडे, कुलूप दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीपाशी थांबतो. पलीकडून तेडागर बेन येतात आणि दोन-दोन करून त्यांना रस्ता ओलांडवतात. पोळीतून नऊ मुले जाऊ लागली आहेत. माघात मुंबईला भाचीच्या लग्नासाठी आम्ही चार दिवस गेलो होतो. परत येऊन विचारले तर त्या चार दिवसांत सहाच गेली होती.